कणगीशेजारचा चेहरा

परवा गिरणीतून भात भरडून आणलं, तेव्हापासून अंगाला तुसाचा वास चिकटून बसला आहे. दोनदा आंघोळ केली, सदरा बदलला, तरी तो मानेच्या वळीत, कानामागे कुठेतरी दडून आहेच. कोरडा, किंचित गोडसर, उन्हात तापलेल्या पेंढ्यासारखा वास. भात पिकवणाऱ्या माणसाला तो अत्तराच्या जागी. पूर्वी तो आला की मला जेवल्यासारखं वाटायचं. आता तो आला की माझी नजर आपोआप माजघराच्या एका कोपऱ्याकडे वळते. त्या कोपऱ्यात आज काहीही नाही. सारवलेल्या जमिनीवर एक गोल वण तेवढा आहे, गाडीच्या चाकाएवढा. सून दर आठवड्याला शेणाने सारवते, वण बुजतो, आणि जमीन सुकली की हळूहळू पुन्हा वर येतो; पाण्याखाली दाबून धरलेलं लाकूड हात सोडताच वर यावं तसा. मी त्या गोलात पाय ठेवत नाही. ठेवायला कोणाची बंदी नाही. मीच ठेवत नाही.

त्या जागी आमची कणगी होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली, माणसाच्या खांद्याला लागेल एवढी उंच आणि दिवस भरलेल्या बाईसारखी पोटात फुगलेली अशी ती भाताची कोठी. वर्षाचा दाणा तिच्या पोटात. आमचं गाव वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला. घाटातून उतरणारं धुकं आणि ओल आधी आमच्या वाट्याला येते. कणगीतला दाणा मात्र कोरडा राहायचा. एक कणगी जुनी झाली की आम्ही दुसरी विणायचो, आणि इथे आमच्या घराची एक रीत होती. जुन्या कणगीच्या तळाचं भात खायचं नाही, विकायचं नाही, उन्हाला घालायचं नाही. ते तसंच उचलून नव्या कणगीच्या तळाला ओतायचं आणि वर नवं भात भरायचं. तळ उघडा पडला की घर उघडं पडतं, असं माझी आई म्हणायची. तिच्या सासूने तिला तेच सांगितलं असणार. तेव्हा त्या तळाशी किती पिढ्यांचा दाणा निजला होता ते कोणाला ठाऊक नव्हतं. तो पाहायचाच नसतो, म्हणून कोणी पाहिलाही नव्हता.

दुसरी रीत या पहिलीच्याच पोटातून आलेली. घरात एखादं लेकरू किडकिडीत, सारखं शिंकणारं, नाक वाहणारं, खाल्लेलं अंगाला न लागणारं असलं, की त्याचं अंथरूण कणगीला टेकून घालायचं. दाण्याची ऊब मिळते, दाणा राखण करतो. मला ती गरज पडली नाही, मी दांडगा होतो. गरज पडली माझ्या धाकट्या बहिणीला.

तिचा चेहरा मी नीट सांगतो, कारण तो सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे. डोळ्यांखाली काळसर-जांभळे डाग, पिकलं जांभूळ कुस्करून बोटाने ओढल्यासारखे. खालच्या पापणीला लागून बारीक दुमड. नाकावर, शेंड्याच्या जरा वर, आडवी रेघ. नखाने ओढावी तशी. तोंड सदा अर्धं उघडं, ओठ सुकून भेगाळलेले, वरचे दात पुढे आलेले, आणि त्या उघड्या तोंडामुळे सगळा चेहराच खाली ओघळल्यासारखा लांबट. नऊ-दहा वर्षांच्या पोरीचा तो चेहरा नव्हता. जागरणाने थकलेल्या कोणा म्हातारीचा चेहरा चुकून तिच्या मानेवर येऊन बसला होता. हसली की आणखी विचित्र वाटायचं, कारण हसायची ती पोरगी आणि हलायची ती म्हातारी. शिवाय तिची एक खोड होती. हाताचा तळवा नाकाच्या शेंड्याला लावून खालून वर घासायची, दिवसातून शंभर वेळा, आणि तसं करताना मान वर जायची.

"ही वरती कोणाला नाक दाखवते गो?" शेजारच्या म्हातारीने एकदा आईला विचारलं होतं. त्या दिवसापासून बहिणीचं अंथरूण कणगीला आणखी खेटलं.

मग गाव बोलू लागलं. गाव वाईट नव्हतं, पण ज्याचं कारण कळत नाही त्याला गाव कारण देतंच. पोर झोपते कुठं, रातची रानात फिरून येते, डोळे बघा ना तिचे. पाणवठ्यावर बायका तिला आधी पाणी भरू द्यायच्या. मानाने नव्हे, ती लवकर जावी म्हणून. आणि मी तिचा सख्खा भाऊ, मीही तिला भ्यायचो. जेवताना माझं ताट हातभर लांब ओढून घ्यायचो. ती काही म्हणायची नाही. उघड्या तोंडाने श्वास घेत घास चावायची, मध्येच थांबायची, दम घ्यायची, पुन्हा चावायची. त्या श्वासाला बारीक शिट्टी होती. ती घरात कुठे आहे ते न बघता कळायचं.

एका वर्षी बा आम्हाला म्हशाच्या जत्रेला घेऊन गेला. बैल बघून झाले, खाऊ झाला, आणि बाच्या मनात आलं की फोटो काढावा. तंबूत एक रंगवलेला पडदा होता, त्यावर कारंजं आणि निळी मोटार. आई, बा, मी आणि ती असे आम्ही त्या मोटारीपुढे उभे राहिलो. फोटोवाला काळ्या फडक्यातून डोकं काढून म्हणाला, पोरीला तोंड मिटायला सांगा. तिने मिटलं. नाकाने श्वास येईना, म्हणून उघडलं. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्या वेळेला तिचे डोळे पाण्याने भरले, पण तोंड काही मिटून राहीना. मागे माणसं खोळंबली होती, हसत होती. तेव्हा मी बोललो.

"हिला नको. हिच्यानं फोटो खराब होईल."

मला कोणी दटावलं नाही. मला वाटलं होतं, बा एक ठेवून देईल. त्याने दिली नाही. तीच आपण होऊन बाजूला सरकली.

तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. बा फेट्यात, आई डोक्यावर पदर घेऊन, मी टोपीत, छाती काढलेला. आणि उजव्या कडेला, चौकट जिथे संपते तिथे, परकराचा काठ आणि पायाची तीन बोटं. ती नीट सरकली नव्हती. साठ वर्षं होऊन गेली, ती तिथेच चौकटीबाहेर उभी आहे. पुढच्याच पावसाळ्यात तापाने गेली. ताप वेगळा आणि नाक वेगळं हे आज मला कळतं. तेव्हा दोन्हीची एकच मोळी बांधली गेली. नेली तिला, असंच सगळे म्हणाले. कोणी नेली ते कोणी विचारलं नाही. तिचं नाव घरात पुन्हा निघालं नाही, कारण अशा पोराचं नाव घेतलं की ओ येते, असं आमच्याकडे मानतात. आईने शेवटपर्यंत घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, मला काही फार कळतं असं नाही. पण एवढं कळतं की न घेतलेलं नाव माणसाच्या घशात कुठेतरी अडकून राहतं.

आता नातीकडे येतो. माझा मुलगा वाशिंदला कारखान्यात आहे. तो आणि सून माझ्याजवळच राहतात. नात सहा वर्षांची होईतो गोल चेहऱ्याची, ठसठशीत होती. मग तिला सारखी सर्दी होऊ लागली. पहाटे उठली की वीस-वीस शिंका. ताप नाही, काही नाही. नाक तेवढं गच्च. मी सुनेला म्हटलं, हिचं अंथरूण कणगीला लाव. सून डोळखांबकडची, तिच्या माहेरी असली रीत नव्हती. पण सासऱ्याचा शब्द, तिने लावलं. पुढची दोन वर्षं मी शेतात, मुलगा कामावर, आणि पोर कोपऱ्यात वाढत होती. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही. मलाही ती दिसली नाही.

दिसली ती एका दुपारी. भाताची झोडणी संपली होती, मी खळ्यावरून पाणी प्यायला घरात आलो. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार. डोळ्यांना काही दिसेना. आधी ऐकू आली ती शिट्टी. बारीक, लांब, दर श्वासाला. मी दाराच्या चौकटीला हात लावून तसाच उभा राहिलो. साठ वर्षांत ती मी ऐकली नव्हती आणि एका क्षणात ओळखली. मग हळूहळू कोपरा उजळत गेला, आणि कणगीला पाठ लावून माझी बहीण झोपलेली दिसली. तेच जांभळे डाग. तीच नाकावरची रेघ. तोंड उघडं, हनुवटी खाली पडलेली, चेहरा ओघळलेला. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि तळहात नाकाला लावून खालून वर घासला.

"आबा, पाणी देऊ?"

आवाज नातीचा होता. पण तोही झाकण लावलेल्या डब्यातून यावा तसा.

"हे तुला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"काय?"

"हे. नाक असं वरती करायचं."

"कोणी नाय. नाकात मुंग्या चालतात," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

त्यानंतर मी बघतच राहिलो. कोणाला काही बोललो नाही. बोलून काय सांगणार होतो? त्या उन्हाळ्यात सून पोरीला घेऊन महिनाभर माहेरी गेली. डोळखांबला त्यांचं घर उंचावर, पोरं सगळी उघड्या पडवीत झोपतात. परत आली तेव्हा मी ओटीवर बसलो होतो. पोर अंगणातून धावत आली आणि मी दचकलो, कारण तिचा चेहरा तिचा होता. डोळ्यांखालचं जांभूळ फिकं झालेलं, तोंड मिटलेलं. सगळे म्हणाले, मामाकडची हवा लागली. पंधरा दिवस झाले नाहीत तोच एका सकाळी बहीण पुन्हा चुलीपुढे येऊन बसली.

तेव्हा माझ्या मनाने जे ठरवलं ते आज उजेडात सांगतानाही अंगावर काटा येतो. मी ठरवलं, चेहरा पोरीबरोबर गेलाच नव्हता. तो इथेच होता. कणगीच्या कोपऱ्यात, महिनाभर, वाट बघत. पोर आली, टेकून झोपली, आणि त्याने तिला पुन्हा पांघरून घेतलं. ती नसताना मी त्या कोपऱ्याकडे कितीदा बघितलं होतं ते आठवलं. आणि खोटं कशाला लिहू, पंधरा दिवसांनी तो परत दिसला तेव्हा भीतीच्या खाली, अगदी तळाशी, मला आनंद झाला होता. ज्या चेहऱ्याला मी फोटोत येऊ दिलं नाही, तो आपल्या पायांनी घरात आला होता.

पोरीचे मात्र हाल होत होते. शाळेत बाकावर झोपायची. बाईंनी चिठ्ठी पाठवली. पोरं तिला भुतीण म्हणू लागली. हा शब्द सुनेने शाळेच्या फाटकात स्वतःच्या कानाने ऐकला आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "उद्या सुट्टी टाका. शहापूरला न्यायची हिला. त्या मुलांच्या डॉक्टर मॅडमकडे." मीही निघालो. सोबत म्हणून नव्हे; आमच्या घराबद्दल कोणी वेडंवाकडं बोलू नये म्हणून.

त्या दवाखान्यात बाहेर एक लांब बाकडं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्यावर पाच मुलं बसली होती, आपापल्या आयांना टेकून. कोणी किन्हवलीकडचं, कोणी वाशिंदच्या नव्या इमारतीतलं, एकमेकांच्या ओळखीची नव्हती. मी सहज एकेकाकडे बघत गेलो. पहिल्याच्या डोळ्यांखाली ते डाग. दुसरीचं तोंड उघडं, दात पुढे. तिसरा मुलगा होता, चांगला बूट घातलेला, त्याच्या नाकावर ती रेघ. चौथीने माझ्यादेखत तळहात नाकाला लावून वर घासला, आणि पाचव्याने तिचं बघून तसंच केलं. पाचही श्वासांना बारीक शिट्टी. त्या बाकड्यावर माझी बहीण पाच वेळा बसली होती. आणि आमची पोर निमूट जाऊन त्यांच्या शेवटी बसली, सहावी.

तिथे बसल्या बसल्या माझ्यातलं काहीतरी मोडलं. मी साठ वर्षं जो चेहरा माझ्या घरचा, माझ्या रक्ताचा, माझ्या पापाचा म्हणून जपला होता, तो कोणाचाही होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या. त्यांनी पोरीचं नाक, घसा, टाळू बघितली, छातीला नळी लावली. मग मला समजावून सांगितलं, कारण मीच सगळ्यात जास्त रागाने बघत होतो. "आजोबा, हिला धुळीची ॲलर्जी आहे. नाक आतून सारखं सुजलेलं राहतं, म्हणून डोळ्यांखालचं रक्त पुढे सरकत नाही, साचून राहतं. तेच हे काळं. नाक खाजतं म्हणून ती वर चोळते, त्याची ही रेघ. नाक बंद म्हणून तोंडाने श्वास, आणि वाढत्या वयात तोंड सतत उघडं राहिलं की जबडा लांबट होतो, टाळू अरुंद होते, दात पुढे येतात. हिचं वय लहान आहे, बरंच सुधारेल." मला लगेच कळलं. बांधाखालची मोरी तुंबली की भाताच्या खाचरात पाणी साचून काळं पडतं, हे मला कोणी शिकवायला नको. पण मी मान हलवली नाही.

"झोपते कुठे ही?" त्यांनी विचारलं.

"कणगीला टेकून," सून म्हणाली. "भाताची कणगी. तळ कधी काढत नाय आमच्यात."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ती कणगी घरातून हलवावी लागेल."

"आमच्या दाण्याला नावं ठेवायची नाय," मी उठून उभा राहिलो. "साठ वर्षांपूर्वी पण पोरं तिथंच झोपायची."

"मग त्यांना त्रास नाही झाला का?" त्यांनी सरळपणे विचारलं. त्यांना काय माहीत. मी बाहेर आलो.

आतून सून बऱ्याच वेळाने आली. नाकात मारायचं औषध, रोज सकाळी, चुकवायचं नाही. आणि बाईंनी सांगितलं होतं, आजचा फोटो काढून ठेवा, पुढे फरक कळेल. तिने पोरीला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि मोबाइलवर फोटो काढला. "तोंड मीट जरा," मुलगा बोलला. पोरीने मिटलं, उघडलं. "असू दे," सून म्हणाली, "हाय तसाच पायजे." मी तिकडे पाठ करून उभा होतो.

परतीच्या एसटीत मुरबाडचा थांबा मागे पडला. मग माझ्याकडे न बघता सून म्हणाली, "दाणा तुमचा, बाबा. पोर माझी."

"कणगी हलणार नाय."

"मग आमी हलतो. संक्रांत झाली की पोरीला डोळखांबला नेते. तिकडच्या शाळंत घालते."

मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचा बाप मी आहे, मला माहीत आहे तो कधी बोलतो आणि कधी नाही.

मी हलत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. रस्त्यासाठी झाड तोडायला आले तेव्हा मी झाडाखाली खाट टाकली होती. पण या वेळी माझा हट्ट दाण्यासाठी नव्हता आणि ते मला आतून कळत होतं. कणगी हलवणं म्हणजे, आईने जे मायेने केलं तेच पोरीला बाधलं हे मान्य करणं. राखण म्हणून ती अंथरूण जितकं जवळ सरकवायची, तितका तो चेहरा गडद होत जायचा. आणि दुसरं, जे मी कोणाला सांगितलं नाही: कणगी गेली की तो चेहराही जाणार होता. सुनेने पोरीचं अंथरूण ओटीवर नेलं, पण पौषाचा गारवा, घाटावरचं वारं. पोर काकडून आत यायची, आणि आमच्याकडे निजायला आत म्हणजे माजघर, कणगीशेजारीच. दुपारी सून नसली की पोरीला हाक मारायचो, ये, इथे बस. कोपऱ्यात बसवायचो, दार उघडं ठेवायचो म्हणजे उजेड नीट पडेल, आणि बघत राहायचो.

अशाच एका दुपारी ती बसली होती. हातात पाटी, पाटीवर चित्र. तिने मान वर केली.

"आबा, मला बगून तुमी भिता का?"

"नाय गो. का?"

"मग असं का बगता? शाळेतली पोरं असंच बगतात."

मी तिच्या ताटाला ताट लावून जेवत होतो, तिला खाऊ आणत होतो, आणि तरी माझ्या डोळ्यांत तिला तेच दिसलं होतं जे दुसऱ्या एका पोरीने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि न बोलता बाजूला सरकली. ही निदान बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणगी उघडली. मुलगा मदतीला येत होता, त्याला कामावर पिटाळलं. वरचं भात काढून गोण्यांत भरलं. सुनेने बघितलं. ओलं फडकं आणलं आणि माझ्या नाकातोंडावर आवळून बांधलं, पोराला बांधावं तसं. दुपारपर्यंत मी तळाला पोचलो. तिथे दाणा नव्हताच. काळपट, मऊ भुकटी होती, जाळ्यांनी आणि बुरशीने गुंतलेली, राखेसारखी. टोपली बुडवली की धूर उठावा तशी उडायची, आणि तिला जो वास होता तो तुसाचाही नव्हता. बंद, जुना, कोणीतरी खूप वेळ कोंडून धरलेल्या श्वासासारखा. याच्या उबेला आम्ही आमची पोरं झोपवत होतो. मी ती अंगणाच्या कडेला ओतली. कोंबड्या धावत आल्या, मान वाकडी करून बघितलं, आणि एकीनेही चोच लावली नाही. मग मी खड्डा खणून ती पुरली.

संध्याकाळी तोंड धुतलं. फडकं असूनही धूळ आत गेलीच होती. शिंका थांबेनात, नाक गच्च. दाढीचा आरसा खांबाला टांगलेला असतो, त्यात सहज बघितलं. डोळे सुजून खाली काळे पडलेले, तोंड उघडं. आरशातून ती माझ्याकडे बघत होती. मी नजर काढली नाही. या वेळी नाही काढली.

भात आता पत्र्याच्या कोठीत असतं, पडवीत. औषध सुनेने एक दिवस चुकवलं नाही. चेहरा काही एका दिवसात गेला नाही. उन्हाळ्यात विहीर खाली जाते तसा गेला, रोज एकेक बोट. आधी डाग फिके झाले. होळीच्या सुमाराला तोंड मिटून राहू लागलं. शिट्टी थांबली, आणि पहिल्या काही दिवसांत घर इतकं गप्प झालं की मला झोप येईना. दात अजून जरा पुढे आहेत, नाकावरची रेघ कलत्या उन्हात अजून दिसते. पण मी रोज सकाळी तिच्या चेहऱ्यात जिला शोधायचो, ती रोज थोडी कमी सापडायची. मग एका सकाळी ती नव्हती. पोर चहात चपाती बुडवून खात होती, मिटल्या तोंडाने, आवाज न करता. मी उठून खळ्यावर जाऊन बसलो. मला दुसऱ्यांदा तिला पोचवून आल्यासारखं वाटत होतं. आणि घरात सगळे आनंदात होते, जसं असायला हवं तसे.

काल दुपारी सून मोबाइल घेऊन बसली होती. फोन भरलाय म्हणाली, जुने फोटो काढून टाकते. पोर तिच्या खांद्यावरून डोकावत होती. एका फोटोपाशी तिने आईचा हात धरला.

"आई, ही कोण गो?"

"तूच ना. शहापूरला काढलेला."

"ही मी नाय." तिने फोन हिसकावला, जवळ नेला, लांब धरला. मग माझ्यापुढे केला. "आबा, तुमी सांगा. ही कोण?"

खिडकीच्या उजेडात, चौकटीच्या मधोमध, पायाच्या बोटांपासून केसांपर्यंत ती उभी होती. तोंड उघडं.

"काढू का?" सुनेने विचारलं.

"तिला नको काढू," मी म्हणालो. "राहू दे तिला."

सून माझ्याकडे बघत राहिली. तिला काय कळलं ते मला ठाऊक नाही, पण तिने तो फोटो काढून टाकला नाही. पोर मात्र सोडायला तयार नव्हती. "पण कोण ते सांगा ना." तेव्हा मी तिला नाव सांगितलं. साठ वर्षं घशात राहिलेलं नाव, बाहेर येताना किती लहान निघालं. दोन अक्षरांचं. पोरीने ते एकदा म्हणून बघितलं, मग जरा मोठ्याने, कोपऱ्याकडे तोंड करून, कोणाला तरी खेळायला हाक मारावी तसं.

मी कान देऊन बसलो होतो. कोणी ओ दिली नाही. सकाळचं सारवण सुकत आलं होतं, आणि तो गोल हळूहळू वर येत होता.